विश्लेषण : चोरी, जबरी चोरी की दरोडा? भोर-वेल्ह्यातल्या फिर्यादींत कोणता शब्द कधी लागतो आणि त्याने काय फरक पडतो?

'बंद बंगला फोडून ऐवज लंपास', 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद', 'बांधाच्या वादातून कुऱ्हाडीने हल्ला'... ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतल्या बातम्यांतले हे मथळे भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या वाचकांना पाठ झाले आहेत. बोलताना आपण चोरी, दरोडा, लूट हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायदा तसे करत नाही. तिथे प्रत्येक शब्दाची व्याख्या ठरलेली आहे आणि त्यातली एक अट जरी पूर्ण झाली नाही तरी गुन्हा बदलतो. गुन्हा बदलला की पोलिसांना थेट अटक करता येईल का, जामीन मिळेल का, तपास तरी सुरू होईल का, हे सगळेच बदलते. फिर्याद द्यायला गेलेल्या माणसाच्या हातात शेवटी एफआयआरची प्रत येते की नुसता 'एनसी'चा कागद, हे या व्याख्यांवर ठरते.

आधी घटनेची तारीख पाहा

१८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा, म्हणजे आयपीसी, १ जुलै २०२४ पासून रद्द झाला आणि त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता (बीएनएस) लागू झाली. आधीची ५११ कलमे होती, आता ३५८ आहेत. क्रमांक पूर्ण बदलले. खुनाचे 'तीनशे दोन' आता कलम १०३ आहे. फसवणुकीचे 'चारसोवीस' कलम ३१८(४) मध्ये गेले. नव्या संहितेत ४२० क्रमांकाचे कलमच नाही आणि ३०२ क्रमांकावर आता धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा आहे. त्यामुळे 'तुझ्यावर तीनशे दोन लावतो' या धमकीचा कायदेशीर अर्थ गमतीदार झाला आहे.

पण जुना कायदा संपला म्हणजे जुने खटले नव्या कायद्याखाली गेले, असे नाही. १८ जून २०२३ रोजी राजगडाच्या पायथ्याशी एका तरुणीचा मृतदेह सापडला. शवविच्छेदनात शरीरावर जखमा आढळल्या, वेल्हे पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला आणि तिच्या ओळखीच्या तरुणाला अटक झाली. या गुन्ह्याला आयपीसीचे कलम ३०२ च लागू राहते, कारण घटना १ जुलै २०२४ पूर्वीची आहे. घटनेच्या दिवशी जो कायदा अमलात होता त्यानुसारच शिक्षा देता येते, हे राज्यघटनेचे कलम २०(१) सांगते. बीएनएसच्या शेवटच्या, ३५८ व्या कलमातही ही तरतूद आहे. म्हणून आजही न्यायालयाच्या बोर्डावर जुने आणि नवे क्रमांक शेजारी शेजारी दिसतात.

याच प्रकारच्या घटनांमध्ये आणखी एक शब्द कानावर येतो, 'एडी'. गडावरून पडून, भाटघर किंवा पानशेतच्या पाण्यात बुडून कुणी दगावले की पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. हा गुन्हा नव्हे. मृत्यू कशाने झाला हे शोधण्याची ती चौकशी असते, ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १९४ खाली होते. संशयास्पद काही आढळले की तिचे रूपांतर गुन्ह्यात होते. 'पोलिसांनी एडी करून प्रकरण मिटवले' असे नातेवाईक अनेकदा म्हणतात. नुसत्या एडीने प्रकरण मिटत नाही, पण शवविच्छेदनाच्या अहवालाचा पाठपुरावा कुणी केला नाही तर ते तिथेच पडून राहू शकते.

चोरी म्हणजे काय? पाच अटी एकदम लागतात

कलम ३०३ ची व्याख्या एखाद्या प्रोग्रॅममधल्या अटींसारखी आहे. पाचही अटी खऱ्या ठरल्या तरच उत्तर 'चोरी' येते. वस्तू जंगम म्हणजे हलवता येणारी हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी. त्याची संमती नसावी. घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक हवा. आणि त्या हेतूने वस्तू हलवलेली हवी. वस्तू घेऊन पळून जाणे आवश्यक नाही, जागची हलवली तरी पुरे.

यातली 'ताबा' ही अट महत्त्वाची. कायदा मालकाबद्दल नव्हे, ताब्याबद्दल बोलतो. शेजाऱ्याची मोटार दुसऱ्याने भाड्याने नेलेली असेल आणि त्याच्या विहिरीवरून ती गेली, तर फिर्याद ज्याच्या ताब्यात होती तो देऊ शकतो. पावती मालकाच्या नावावर आहे म्हणून त्याला परत पाठवण्याचे कारण नाही.

'जंगम' या अटीतून मजेदार प्रश्न निर्माण होतात. उभे झाड जमिनीला जोडलेले असते, म्हणून ते जंगम नाही. पण ते तोडले की त्याच क्षणी ते जंगम होते आणि चोरीचा विषय ठरते. तोडणे आणि नेणे ही एकच कृती असली तरी चालते. हाच नियम डोंगर पोखरून नेलेल्या मुरमाला आणि नदीतल्या वाळूला लागतो. गौण खनिजाचा वेगळा कायदा आहे म्हणून चोरीचे कलम लावता येत नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिल्ली सरकार विरुद्ध संजय या निकालात फेटाळला. वाळू सरकारच्या ताब्यातली असते, ती विनापरवाना उचलली की दोन्ही कायद्यांखाली कारवाई होऊ शकते. भोर-वेल्ह्यात फार्महाऊससाठी डोंगर फोडण्याच्या तक्रारी होतात तेव्हा बहुतेक वेळा फक्त तहसीलदारांच्या दंडाची चर्चा होते. फौजदारी बाजूही आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

वीज मात्र जंगम मालमत्ता नाही. तारेवर आकडा टाकणे हा बोलीभाषेत 'वीजचोरी' असला तरी त्यासाठी बीएनएसचे चोरीचे कलम लागत नाही, विद्युत अधिनियम २००३ चे कलम १३५ लागते. खांबावरच्या तारा किंवा रोहित्रातले साहित्य काढून नेले, तर त्याच कायद्याचे कलम १३६.

'परत आणून ठेवणारच होतो' हा बचाव चालतो का? नाही. तात्पुरती नेलेली वस्तूही चोरीच ठरते. राजस्थानातल्या एका खटल्यात दोन प्रशिक्षणार्थींनी परवानगीशिवाय विमान उडवून नेले होते. त्यांना चोरीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती कायम केली. विमानाला जे लागू, ते मित्राच्या बुलेटलाही लागू.

उलट, स्वतःचा हक्क आहे असे प्रामाणिकपणे समजून वस्तू घेतली असेल तर चोरी होत नाही. सामाईक बांधावरच्या आंब्याचे आंबे उतरवणे हे याचे नेहमीचे उदाहरण. मात्र हक्काचा दावा खरोखरचा असायला हवा, पकडले गेल्यावर सुचलेला नव्हे. तळ्यातल्या माशांवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ही रेषा स्पष्ट केली आहे.

पाच हजारांखालची चोरी : सर्वांत मोठी अडचण इथे आहे

नव्या संहितेने चोरीच्या शिक्षेत एक बदल केला, त्याची चर्चा शहरात कमी आणि गावात जास्त व्हायला हवी. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, हे पूर्वीसारखेच. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला किमान एक आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी, हे नवे. पण चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा 'समाजसेवा' एवढीच.

कल्पना चांगली आहे. पोटासाठी किरकोळ चोरी केलेल्याला तुरुंगात टाकून काय साधते, हा प्रश्न रास्तच. घोळ पुढे आहे. बीएनएसएसच्या परिशिष्टात या पाच हजारांखालच्या प्रकारापुढे 'अदखलपात्र' असा शेरा आहे. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत.

आता प्रश्न असा की, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरतोय की नाही आणि माल परत करतोय की नाही, हे कळते खटल्याच्या शेवटी. फिर्याद नोंदवताना तर चोर कोण हेच माहीत नसते. मग केवळ किंमत पाच हजारांपेक्षा कमी आहे म्हणून पहिल्याच दिवशी प्रकरण अदखलपात्र धरायचे का? कायद्याच्या मसुद्यातली ही फट आहे आणि तिचा भार फिर्यादीवर पडतो. सहा वर्षे वापरलेली पाणबुडी मोटार, केबलचे भेंडोळे, कोंबड्या, जुना मोबाइल यांची 'आजची किंमत' पाच हजारांखाली दाखवणे सोपे असते. शेतकऱ्यासाठी मात्र त्या मोटारीशिवाय भाताच्या रोपवाटिकेला पाणी मिळत नाही.

म्हणून जबाब देताना किंमत हा सर्वांत काळजीपूर्वक सांगायचा तपशील आहे. मोटारीसोबत स्टार्टर, केबल, पाइप गेले असतील तर ते सगळे लिहिले पाहिजे, बिल असेल तर जोडले पाहिजे. फुगवून सांगण्याची गरज नाही. विसरून कमी सांगितले जाते, तोटा तिथे होतो. चोरी घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून झाली असेल, तर ती कलम ३०३ मध्ये नव्हे, ३०५ मध्ये बसते. तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची सवलत नाही. शेतातली पत्र्याची खोली अवजारे ठेवण्यासाठी असेल, तर तीही माल ठेवण्याची इमारत ठरू शकते. 'शेतातून गेली' आणि 'शेतातल्या खोलीतून गेली' या दोन वाक्यांत चार वर्षांच्या शिक्षेचा फरक आहे.

देवळातली मूर्ती गेली तर त्यासाठीही कलम ३०५ मध्ये आता स्वतंत्र उल्लेख आहे.

हिसकावणे, जबरी चोरी आणि दरोडा

गळ्यातले मंगळसूत्र ओढून दुचाकीवरून पसार होण्याला आयपीसीत स्वतंत्र नाव नव्हते. बीएनएसने कलम ३०४ मध्ये 'हिसकावणे' हा गुन्हा आणला. अचानक, झटकन किंवा जोर लावून वस्तू खेचली की तो पूर्ण होतो. कमाल शिक्षा मात्र साध्या चोरीइतकीच, तीन वर्षे. फरक एवढाच की इथे फक्त दंडावर सुटका नाही, कैद होतेच. नवा गुन्हा म्हणून गाजावाजा झाला त्या मानाने शिक्षा किरकोळ आहे.

पण ओढताना महिलेच्या मानेला जखम झाली, तिला ढकलले, सुरा दाखवला, तर प्रकरण 'जबरी चोरी'त जाते, म्हणजे कलम ३०९. चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन निघताना मारहाण, अडवणूक किंवा तिथल्या तिथे इजा होण्याची भीती घातली की साधी चोरी जबरी चोरी होते. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. या कलमात इंग्रजांच्या काळापासून एक ओळ चालत आली आहे : सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर जबरी चोरी झाली तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत वाढू शकते. पुणे-सातारा महामार्गावर रात्री गाडी बाजूला घेऊन झोपलेल्या ट्रकचालकाला लुटले, तर ही ओळ कामाला येते. फिर्यादीत वेळ आणि नेमके ठिकाण हवे ते यासाठी.

मग दरोडा? त्याचा रकमेशी किंवा क्रौर्याशी संबंध नाही. तो केवळ संख्येचा प्रश्न आहे. जबरी चोरी करणारे किंवा तिचा प्रयत्न करणारे, मदतीला हजर असलेले धरून, पाच किंवा अधिक असतील तर कलम ३१० चा दरोडा. चौघांनी कोटी रुपये लुटले तरी ती जबरी चोरी. पाच जणांनी दोन हजार लुटले तरी दरोडा आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. 'दरोड्याच्या तयारीतील टोळी' हा मथळाही याच कलमातून येतो. एरवी गुन्ह्याची नुसती तयारी करणे हा गुन्हा नसतो. दरोडा हा मोजक्या अपवादांपैकी एक.

खंडणी यापेक्षा वेगळी. तिथे भीती घालून समोरच्याला स्वतःच्या हाताने द्यायला लावले जाते. कायद्याच्या अधिकृत मराठी अनुवादात तिला 'बलाद्ग्रहण' म्हटले आहे. पोलीस ठाण्यात हा शब्द कुणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही.

घरफोडीत कुलूप तुटलेच पाहिजे का?

नाही. पानशेत, गुंजवणी परिसरातले आठवडाभर बंद असणारे बंगले फोडले जातात तेव्हा कुलूप तुटलेले असते, म्हणून तसा समज झाला आहे. कलम ३३० नुसार भिंतीवरून चढून, खिडकीतून, कडी उचलून किंवा सापडलेल्या चावीने कुलूप उघडून शिरणे, या साऱ्याला घरफोडी म्हणतात. माणसाने जाण्यासाठी नसलेल्या वाटेने आत जाणे हा मुद्दा आहे. सताड उघड्या दारातून कुणी आत आला तर ते गृहअतिक्रमण, घरफोडी नव्हे. रात्री चोरीसाठी घरफोडी केली तर कलम ३३१(४) खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बातम्यांत '३३१(३), ३३१(४), ३०५' अशी जी साखळी दिसते, ती घरात शिरण्याचा एक आणि चोरीचा दुसरा, असे दोन गुन्हे जोडून झालेली असते.

बांधावरची मारामारी : दुखापत साधी की जबर?

दोन्ही तालुक्यांत जमिनीचे तुकडे लहान, बांध जुने आणि मोजण्या प्रलंबित. पेरणीच्या आणि लावणीच्या दिवसांत भांडणे होतात. यातल्या बऱ्याच तक्रारींची सुरुवात एनसीने होते, कारण कलम ११५(२) ची साधी दुखापत आणि कलम ३५२ ची शिवीगाळ हे दोन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत. एनसी म्हणजे पोलिसांनी काहीच केले नाही असे लोक समजतात. तसे नाही, पण त्यांचे हात खरोखर बांधलेले असतात. फिर्यादी स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे जाऊन तपासाचा आदेश मागू शकतो, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. नव्या कायद्यात अशा नोंदींचा अहवाल पोलिसांनी दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांना पाठवायचा आहे, ही त्यातल्या त्यात सुधारणा.

दुखापत 'जबर' ठरली की चित्र पालटते. कलम ११७(२) दखलपात्र आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण जबर म्हणजे किती? हे रक्तावर किंवा टाक्यांच्या संख्येवर ठरत नाही. कलम ११६ मध्ये आठच प्रकार दिले आहेत. त्यांत डोळा किंवा कान कायमचा निकामी होणे, अवयव किंवा सांधा गमावणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे आहेत. गावातल्या भांडणांत मात्र शेवटचे दोनच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. एक, हाड मोडणे किंवा निखळणे, किंवा दात तुटणे अथवा निखळणे. डोक्याला बारा टाके पडले पण हाड शाबूत, तर ती कदाचित साधी दुखापत. एका ठोशात पुढचा दात पडला, तर जबर. दुसरा प्रकार म्हणजे जिवाला धोका निर्माण करणारी किंवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी, वा तेवढे दिवस रोजची कामे अशक्य करणारी इजा. आयपीसीत हा आकडा २० दिवसांचा होता, बीएनएसने तो १५ वर आणला.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. मारामारीनंतरची पहिली वैद्यकीय तपासणी आणि एक्स-रे हा निम्मा खटला असतो. गावातून रुग्णालय गाठायलाच तास-दीड तास जातो, रात्र असेल तर माणसे 'सकाळी बघू' म्हणतात, एनसी नोंदवून घरी येतात. तीन दिवसांनी सूज उतरत नाही म्हणून एक्स-रे काढला की मनगटाचे हाड मोडलेले दिसते. अशा वेळी ते प्रमाणपत्र घेऊन पुन्हा ठाण्यात जाता येते. एनसी ही शेवटची नोंद नव्हे, नव्या पुराव्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. मात्र मधल्या तीन दिवसांबद्दल बचावाचे वकील प्रश्न विचारणार, हे गृहीत धरावे.

कोयता, कुऱ्हाड, विळा अशी शस्त्रे वापरली तर कलम ११८ स्वतंत्रपणे लागते, मग दुखापत साधी असो वा जबर. काठी 'घातक शस्त्र' आहे का, हे ती कशी वापरली यावर ठरते.

बांधावरच्या वादात आणखी काही गुन्हे दडलेले असतात आणि ते फिर्यादीत येतच नाहीत. मोजणीनंतर सरकारी अधिकाऱ्याने रोवलेली हद्दीची खूण उपटणे, शेतीचे पाणी तोडणे, गवताची गंजी पेटवणे हे सगळे कलम ३२६ खालचे गुन्हे आहेत. पाणी तोडण्याला पाच, आगीला सात वर्षांपर्यंत शिक्षा. जमीन स्वतः मात्र चोरीला जात नाही. शेजाऱ्याने दोन फूट नांगरून घेतले तर तो मुख्यतः मोजणीचा आणि दिवाणी दाव्याचा विषय. धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने तो शिरला असेल, तरच फौजदारी अतिक्रमण.

एकच वार, पण खून

भांडणात माणूस दगावला तर प्रश्न येतो, खून की सदोष मनुष्यवध? दोन्हीत मृत्यू झालेला असतो. फरक आरोपीच्या मनात काय होते आणि जखम कशी होती यात असतो. 'मारायचे नव्हते, एकच वार केला' हा बचाव नेहमी ऐकू येतो. विरसा सिंग खटल्यात भाल्याचा एकच घाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सांगितले की, ती विशिष्ट जखम करण्याचा हेतू होता का आणि ती जखम सामान्यतः मृत्यूला पुरेशी होती का, एवढेच पाहायचे. दोन्हीची उत्तरे 'हो' असतील तर खून, मग ठार मारण्याचा इरादा नव्हता असे आरोपीने कितीही सांगो.

याला अपवाद आहेत. कलम १०१ मधला चौथा अपवाद बांधावरच्या भांडणासाठीच लिहिला आहे असे वाटावे. पूर्वनियोजन नाही, अचानक वाद पेटला, रागाच्या भरात मारामारी झाली आणि आरोपीने गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूरपणा केला नाही, तर तो खून न राहता कलम १०५ चा सदोष मनुष्यवध होतो. पण घरी जाऊन कुऱ्हाड घेऊन परत आले, की 'अचानक' या शब्दाचा आधार सुटतो.

वाहनाने झालेल्या मृत्यूचे गणित वेगळे. निष्काळजीपणा असेल तर कलम १०६(१), कमाल पाच वर्षे. जुन्या ३०४-अ मध्ये दोनच वर्षे होती. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद कलम १०६(२) मध्ये आहे, पण ट्रकचालकांच्या विरोधानंतर केंद्राने तेवढे उपकलम अमलात आणलेले नाही. आपल्या कृतीने कुणी मरू शकेल याची जाणीव चालकाला होती असे दिसले, तर प्रकरण निष्काळजीपणाच्या पलीकडे, सदोष मनुष्यवधात जाते. मुंबईत कार्टर रोडवर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा बळी घेणाऱ्या चालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तेच धरले. पुण्यात कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या पोर्श अपघातातही आधी ३०४-अ आणि मग ३०४ असा बदल झाला होता. महामार्गावर दारूच्या नशेत उलट दिशेने गाडी घातलेल्या चालकाबाबत हाच प्रश्न उभा राहतो.

जमिनीचा व्यवहार फसला, म्हणजे फसवणूक झाली का?

पुण्याच्या जवळिकीमुळे या दोन तालुक्यांत गुंठ्यांचे व्यवहार वाढले आणि त्यांच्या तक्रारीही. इथे सर्वाधिक गोंधळ आहे. विसार घेतला आणि खरेदीखत करून दिले नाही, एवढ्यावर कलम ३१८ ची फसवणूक होत नाही. फसवण्याचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हृदयरंजन प्रसाद वर्मा खटल्यात हे ठामपणे सांगितले आहे. विकणाऱ्याचा विचार नंतर बदलला, भाव वाढला, भावकीने अडवले, तर तो दिवाणी वाद. सुरुवातीलाच त्याला माहीत होते की हा गट आधीच विकला आहे किंवा सातबाऱ्यावर आपले नाव नाही, तर फसवणूक. म्हणून अशा फिर्यादीत 'पैसे परत देत नाही' यापेक्षा 'पैसे घेताना काय सांगितले आणि ते त्या दिवशी खोटे कसे होते' याला महत्त्व.

पैसे किंवा कागद विश्वासाने सोपवले आणि नंतर त्याने ते स्वतःसाठी वापरले, तर तो न्यासभंग, कलम ३१६. फसवणुकीत हेतू आधी असतो, न्यासभंगात नंतर येतो. एकाच व्यवहाराला दोन्ही कलमे यांत्रिकपणे चिकटवण्याच्या सवयीवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात पोलीस आणि दंडाधिकारी दोघांचे कान उपटले.

मुंबईत राहणाऱ्या मालकाची वेल्ह्यातली जमीन परस्पर विकली गेली, हा आणखी एक प्रकार. इथे दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. विकणाऱ्याने मालकाचे नाव, बनावट आधार आणि खोटा अंगठा वापरून, 'मीच तो' म्हणून सही केली, तर तोतयागिरी आणि बनावट दस्तऐवज, दोन्ही. पण त्याने स्वतःच्याच नावाने सही करून 'ही जमीन माझी आहे' असा खोटा दावा केला, तर तो दस्तऐवज कायद्याच्या अर्थाने बनावट नाही. २००९ च्या मोहम्मद इब्राहिम निकालानुसार अशा वेळी फसवणूक होते ती खरेदीदाराची, कारण पैसे त्याचे गेले. मूळ मालकाला बनावटगिरीची फिर्याद टिकवता येत नाही, त्याने दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून घ्यायचा. मालकाला हे अन्यायाचे वाटते आणि ते समजण्यासारखे आहे. निकाल मात्र तसाच आहे.

कोणत्या ठाण्यात जायचे?

राजगड किल्ला वेल्हे तालुक्यात आहे आणि त्या तालुक्याचे नावही आता राजगड झाले आहे. 'राजगड पोलीस ठाणे' मात्र भोर तालुक्यात नसरापूरला, महामार्गाजवळ आहे. गडावर मोबाइल किंवा गाडी गमावलेला पर्यटक नावावरून तिथे पोहोचला, तर हद्द वेल्ह्याची निघते. बीएनएसएसच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात द्यायची सोय आहे. ते ठाणे 'शून्य' क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य ठिकाणी पाठवते. माहिती ईमेल किंवा ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. साधी चोरी त्यात बसते. ही मुदत संपल्यावर काय झाले हे विचारता येते. ठाण्याने नोंदच घेतली नाही, तर तीच माहिती लेखी स्वरूपात पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पाठवायची आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, हा क्रम कलम १७३(४) मध्ये दिला आहे. अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची पोहोच जपून ठेवावी, दंडाधिकाऱ्यांसमोर ती लागते.